यंत्राच्या गोष्टी : दोघांपुरती मोटार



गेल्या खेपेला आपण पावसाळ्याआधी पाण्याच्या इंजिनाची निगा कशी राखावी ते पाहिले. या वेळी ट्रॅक्टरच्या क्लचबद्दल लिहायचे कबूल केले होते, ते पुढच्या खेपेवर ढकलतो. रागावू नका. आज ज्या यंत्राबद्दल सांगायचे आहे त्याचा शेतीला काडीचा उपयोग नाही. त्यात कडबा लादता येत नाही, मागे ट्रेलर जोडता येत नाही, टप कापडाचा आणि बसायला जागा फक्त दोन. पण या यंत्रापायी आमच्या घरात वर्षभर जे रामायण झाले ते ऐकण्यासारखे आहे. शिवाय जुने वाहन घेताना बोट नेमके कुठे लावून पाहावे, याची माझी उजळणी झाली. ती तुमच्याही कामी येईल.

झाले असे. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेलो. ती लेस्टर गावी असते. निघायच्या आदल्या रात्री थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला. दादाचा मुलगा तिथून जवळच, कॉव्हेंट्रीला नोकरी करतो. दादा म्हणाला, "तुला यंत्रातलं कळतं. तिकडं चाललाच आहेस तर पोराचं डोकं ठिकाणावर आण. दोन शिटांची गाडी घेतोय म्हणे, तीही वीस वर्षांची जुनी. आम्ही म्हातारा-म्हातारी उद्या गेलो तर काय डिकीत बसायचं?"

दादाचे बोलणे वरवर चेष्टेचे, पण आत काय आहे ते मला ठाऊक होते. पोराच्या शिक्षणासाठी दादाने बँकेचे कर्ज काढले, त्याला दोन एकर बागाईत तारण दिले. साडेचार लाख अजून फिटायचे होते. पोरगा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होता, त्यात खंड नव्हता. पण पोरगा दूर गेला की आईबापाला पैशाच्या हिशेबापेक्षा दुसराच हिशेब जास्त छळतो. त्याने घेतलेल्या गाडीत दोनच जागा आहेत, ही गोष्ट दादाच्या मनाला लागली होती.

तिथे पोचल्यावर आठ दिवसांनी पुतण्याला गाठले. मी काही बोलायच्या आत त्याने वही पुढे केली. बँकेचे हप्ते, घरभाडे, खाणे, सगळे लिहिलेले. दोन वर्षे बसने आणि सायकलने कामावर जाऊन त्याने तीन हजार पौंड बाजूला टाकले होते. पौंडाचा भाव तेव्हा एकशे पाच-दहा रुपयांच्या घरात होता, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास. मी म्हटले, "अरे, एवढ्यात चार दारांची, चार माणसांची चांगली गाडी येईल की." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाना, इथं सगळं बंद असतं. खिडक्या बंद, दारं बंद, कारखान्यात उजेडसुद्धा दिव्याचा. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाढलो. मला उघड्यावर गाडी चालवायची आहे."

यावर काय बोलणार? तीस वर्षे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पाने फिरवले, पण असल्या दुखण्यावर पाना नाही. मी म्हटले, "बरं. पण घ्यायचीच तर बघून घेऊ. आणि तीन हजारांतले आठशे खिशातच राहतील. बावीसशेच्या वर एक पैसा द्यायचा नाही." हा माझा जुना नियम आहे. जुने वाहन घेताना हातातल्या रकमेचा चौथा हिस्सा गाडीला लावायचाच नाही, तो तिच्या पहिल्या दुरुस्तीचा. बैल घेताना दावणीचा आणि पेंडीचा खर्च वेगळा धरतो, तसाच हा.

आता ती गाडी कोणती, ते सांगतो. नाव माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. माझदा हे नाव तुम्हाला परके नाही. १९८० च्या दशकापासून भाजीपाला नि दुधाचे कॅन वाहणारा स्वराज माझदा आपल्या रस्त्यांवर होताच. त्यातला माझदा तो हाच, जपानच्या हिरोशिमा शहरातला. अणुबाँब पडलेले हेच ते शहर. या कंपनीची सुरुवात १९२० साली बुचांच्या धंद्यातून झाली आणि १९३१ साली तिने पहिले वाहन काढले, ते होते तीन चाकांचे मालवाहू. आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेम्पोच्या जातीचे म्हणा ना.

उघड्या टपाच्या, दोन शिटांच्या स्वस्त मोटारी ही खरी इंग्रजांची हौस. एम.जी. आणि ट्रायम्फ या त्यांच्या नावाजलेल्या गाड्या. ट्रायम्फ स्पिटफायर तर कॉव्हेंट्रीतच तयार होत होती. दिसायला देखण्या, पण तेल गळणार, वायरिंग रुसणार, पावसात सुरू होणार नाहीत. १९८० साली स्पिटफायर बंद झाली आणि त्याच साली एम.जी.चा ॲबिंग्डनचा कारखानाही बंद पडला. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवले, की तशीच साधी, हलकी, परवडणारी गाडी तुम्ही काढा. यामामोटो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. रूप इंग्रजी, पण सकाळी किल्ली फिरवली की सुरू होणारी. लोक तुटून पडले. एप्रिल २०१६ मध्ये तिचा दहा लाखांचा आकडा पुरा झाला. उघड्या टपाच्या, दोन शिटांच्या स्पोर्ट्स मोटारींत एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. म्हणूनच जुन्या बाजारात ती पुष्कळ मिळते, सुटे भाग मिळतात आणि भावही आवाक्यात राहतो. जुने वाहन घेताना ही गोष्ट फार मोठी. शंभर खपलेली गाडी कितीही सुंदर असो, तिच्या एका रबरी वायसरसाठी तुम्ही गावोगाव हिंडाल.

पहिल्या गाडीला १५९७ सी.सी.चे इंजिन होते, ताकद ११५ घोड्यांच्या आसपास. ऐकायला फार नाही. पण वजन दहा क्विंटलांच्याही आत, आपल्या मध्यम ट्रॅक्टरच्या साधारण निम्मे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, म्हणजे आपल्या जुन्या जीपसारखी मांडणी. आणि खरी गंमत आहे ती वजनाच्या वाटणीत. पुढच्या नि मागच्या चाकांवर जवळपास सारखाच भार. तुम्ही बैलगाडी भरता तेव्हा माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते. भरणारा जाणता असला तर जू असे हलके बसते की बैलांना ओझे कळत नाही. जपानी इंजिनिअरांनी मोटार नेमकी तशी भरली. घोडा आणि स्वार एक अंग झाले पाहिजेत, अशा अर्थाचा शब्द ते या गाडीसाठी वापरतात. कासरा जरासा हलवला की जाणती जोडी वळते, तशी ही वळते. मी स्वतः बाजूला बसलो होतो म्हणून सांगतो.

पहिली गाडी पाहायला गेलो ती एका विक्रेत्याकडे. लालभडक रंग, चाकांना पॉलिश, आतून सुगंधी फवारा मारलेला. मागणी एकोणीसशे पौंड. पुतण्याचे डोळे चमकले. मी मनात म्हटले, बाजारात शिंगे रंगवून, झूल घालून उभा केलेला बैल आणि हा, यात फरक काय? हेडी झूल दाखवतो, गिऱ्हाइकाने दात बघायचे.

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलेले. मंडळी, हे पक्के लक्षात ठेवा. ट्रॅक्टर असो, पिकअप असो, जुने इंजिन बघायचे ते थंड. थंड इंजिन सुरू होताना खरे बोलते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर सुरुवातीला थोडा असतो, पण तो थांबेना आणि गोडसर वास आला तर कुलंटचे पाणी इंजिनात शिरते आहे. ऑइलचे झाकण उघडून आत पांढरट साय दिसली तरी तोच संशय घ्यावा. गरम करून ठेवलेल्या इंजिनात यातले निम्मे रोग झाकले जातात. "सकाळी येतो, तोवर सुरू करू नका," असे सांगितल्यावर विकणाऱ्याचा चेहरा पडला, तर उत्तर तिथेच मिळाले.

पण या माझदाचे इंजिन सहसा दगा देत नाही. थंडीत सुरू होताना वरून टिकटिक आवाज येतो, तो गरम झाल्यावर बहुतेक थांबतो. तिला मारतो तो गंज. हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचे पोट खाते. शिवाय या गाडीची एक खास खोड आहे. कापडी टपावर पडलेले पाणी शिटांच्या मागे उतरते, तिथे दोन बाजूंना दोन भोके आहेत, त्यांतून नळीवाटे खाली मागच्या चाकाच्या पुढ्यात ते बाहेर पडते. आपल्या घराच्या पन्हाळीसारखेच. गाडी झाडाखाली उभी केली की पालापाचोळा त्या भोकांत जातो. पन्हाळ तुंबते. मग पाणी दाराखालच्या पोकळ पेटीत उतरते आणि तिथेच राहते. त्या पेटीला मी उंबरा म्हणतो. उंबरा आतून कुजतो. बाहेरून रंग चकाकत असतो आणि आत कागद उरलेला असतो.

मी खिशातून लोहचुंबक काढले, घरून निघतानाच घेतले होते. त्याला फडके गुंडाळून उंबऱ्यावरून फिरवत गेलो. दाराखाली चिकटले. मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत चिकटेचना. म्हणजे तिथे पत्रा नाही, लांबी भरून वर रंग मारलेला. खाली वाकून पाहिले तर काळे डांबरासारखे लेपण ताजे, बोटाला लागत होते. वीस वर्षांच्या गाडीच्या पोटाला कालचे काजळ कशाला?

पुतण्याला अजून पटेना. "नाना, एवढं एक सोडलं तर—" म्हणू लागला. मग त्यानेच मोबाइल काढला. तिकडे तीन वर्षांवरच्या प्रत्येक मोटारीची दर वर्षी तपासणी होते, तिला एम.ओ.टी. म्हणतात, आणि नंबर टाकला की मागच्या तपासण्यांचा सगळा इतिहास सरकारी ठिकाणी फुकट पाहता येतो. किती मैल झाले होते, कशात नापास झाली, कशाबद्दल नुसता इशारा दिला, सगळे. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत मागच्या उंबऱ्याला गंज असल्याचा इशारा होता. पुढच्या वर्षी तो इशारा गायब. गंज आपोआप बरा होत नाही, मंडळी. पुतण्याने मोबाइल खिशात ठेवला आणि आम्ही बसने परत आलो. वाटेत तो चकार शब्द बोलला नाही.

त्या रात्री दादाचा फोन. "काय झालं?" मी म्हटले, "आज नाही घेतली." दादा म्हणाला, "देव पावला." मी पुढचे सांगितले नाही.

नंतर आणखी दोन पाहिल्या. एकीचा दुसरा गिअर थंडीत घरघरत होता आणि पायाखालचा गालिचा ओला, दुसरीला चार चाकांना चार कंपन्यांचे टायर. चार जातीचे टायर दिसले की समजावे, मालकाने गाडीवर कधी एकरकमी खर्च केलेला नाही, नड भागवत आला आहे. तिचे बाकीचे पाहायचीही गरज नाही.

चौथी गाडी एका खेड्यात, निवृत्त म्हाताऱ्याच्या घरी. २००३ सालची, दुसऱ्या पिढीची. या पिढीत उघडझाप करणारे पुढचे दिवे जाऊन साधे दिवे आले. निळा रंग उन्हाने फिका पडलेला, मागच्या बंपरवर ओरखडा. अठ्ठ्याहत्तर हजार मैल, म्हणजे सव्वा लाख किलोमीटर झालेले. बॉनेट गार. पुतण्याचे तोंड उतरले. पण म्हाताऱ्याने आतून जाड फाइल आणली. पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या. इंजिनाचा टायमिंगचा पट्टा, जो या गाडीत साधारण साठ हजार मैलांना बदलावा लागतो, तो बदलल्याची पावती. आणि उंबरे? तेही कुजले होते. पण त्याने कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करून घेतला होता. कापलेले, उघडे, वेल्ड केलेले, असे सगळे फोटो पावतीला टाचलेले. एकीकडे झाकलेला गंज, दुसरीकडे कबूल केलेला. मी मनात निकाल लावून टाकला.

म्हाताऱ्याला विचारले, विकता का? तो म्हणाला, गाडी फार बुटकी आहे, बायकोच्या गुडघ्यांना आता तिच्यात उतरणे झेपत नाही, आणि तिच्याशिवाय चालवण्यात त्याला गोडी नाही. मला हे इंग्रजीत सगळे समजले असे नाही, पुतण्याने सांगितले. सांगताना त्याचा आवाज बदलला होता.

मागणी तेवीसशे होती. आपल्याकडे रुमालाखाली बोटे धरून भाव करतात, तिथे चहा पिता पिता केला. एकवीसशेला सौदा ठरला. म्हणजे सव्वादोन लाख. निघताना म्हाताऱ्याने आम्हाला शिटांच्या मागची ती भोके दाखवली आणि एक लवचीक तार पुतण्याच्या हातात दिली. महिन्यातून एकदा ही आत घालून फिरव, पाणी ओत, खाली पडते का बघ.

आता कागदांचे थोडे बोलू, कारण इथे आपलेही पाय घसरतात. तिकडे गाडीचे जे पुस्तक असते त्यावर स्पष्ट छापलेले असते की हे मालकीचा पुरावा नाही, गाडी कुणाच्या ताब्यात नोंदली आहे एवढेच यातून कळते. म्हणून गाडीवर कुणाचे कर्ज थकले आहे का, ते वेगळे पैसे भरून तपासतात. पुतण्याने तपासले. गाडीचा रस्ता-कर २०१४ पासून जुन्या मालकाकडून नव्याकडे जात नाही, तोही नव्याने भरल्याशिवाय आणि विमा उतरवल्याशिवाय चाक रस्त्यावर आणता येत नाही. हे सगळे त्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसून, मोबाइलवर पाऊण तासात झाले.

आपल्याकडे आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि विकणाऱ्यांनो, तुम्ही जास्त ऐका. जुना ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल ओळखीच्या माणसाला दिली, पैसे मोजून घेतले, आणि "नाव नंतर लावू" म्हणून फॉर्म २९ व ३० तसेच राहिले, असे गावोगाव दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला आहे, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मग गाडी मधे चार हात का फिरलेली असेना. तुमच्या परड्यात वाहन नाही आणि कोर्टाची नोटीस मात्र तुमच्या उंबऱ्यावर, असे होऊ देऊ नका.

गाडी घेतल्यावर मी दादाला फोन केला. म्हटले, "घेतली. मीच घेऊन दिली." पलीकडे शांतता. मग दादा म्हणाला, "सव्वादोन लाखात इथं जुना ट्रॅक्टर आला असता." आणि फोन वहिनीकडे दिला. वहिनीने एकच विचारले, "पाऊस आला तर भिजतो का रे तो?"

भिजतो की! पहिल्याच महिन्यात टपाच्या शिवणीतून पाणी गळून त्याचा डावा खांदा ओला झाला. रबराच्या पट्ट्या बदलल्या. वर्षभराचा हिशेब त्याने मला लिहून पाठवला, त्यातले मुख्य तेवढे सांगतो. पेट्रोल लिटरला साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे काटकसरीची गाडी नव्हे. पहिल्या एम.ओ.टी.त नापास झाली, मागच्या ब्रेकची नळी गंजलेली निघाली, ती आणि मजुरी मिळून एकशे चाळीस पौंड. बॅटरी या गाडीत पुढे नसून डिकीत असते आणि ती खास बंद प्रकारची लागते, साधी चालत नाही, तिचे वेगळे पैसे.   डिकीत आठवड्याचा बाजार मावतो, कांद्याची एखादी गोणी कशीबशी. खिशात राखलेल्या आठशेमधले साडेपाचशे वर्षात गेले. पण एक दिवस ती वाटेत बंद पडली नाही आणि बँकेचा एक हप्ता चुकला नाही.

दादाला मी हे सगळे वाचून दाखवले. त्याने फक्त ब्रेकच्या नळीचे दोनदा विचारले.

मार्च २०२५ मध्ये कर्ज फिटले. दोन एकरांवरचा बोजा उतरलेला सातबारा दादाने स्वतः जाऊन आणला. मग पोराने विमानाची तिकिटे धाडली आणि मे महिन्यात दादा-वहिनी इंग्लंडला गेले. विमानतळावर पोरगा मित्राची चार दारांची गाडी घेऊन आला होता. दादा मागे बसला, काही बोलला नाही.

पहिली फेरी वहिनीची झाली. तिने पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली आणि बसली. बसताना म्हणे पोराने हात दिला, कारण गाडी खरोखरच बुटकी, ओट्यावरून अंगणात बसल्यासारखे होते. टप उघडा, दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते. तिकडे मे महिन्यात मोहरी फुलते, आपल्याकडच्या करडईला लाजवील अशी. वहिनी तासाभराने परत आली ती लाल चेहऱ्याने. मला फोनवर म्हणाली, "भावजी, सासरी आले तेव्हा बैलगाडीत अशी पुढं बसले होते, त्यानंतर आज." मग हळूच विचारले, "ही इकडं आणता येईल का हो?" मी सांगितले, तीन वर्षांहून जुनी मोटार आपले सरकार आत येऊ देत नाही आणि नवीला जकात एवढी, की दोन एकर परत तारण ठेवावे लागतील. ती म्हणाली, "मग राहू द्या तिकडंच."

दादा तीन दिवस बसला नाही. "मला माझे पाय आहेत," म्हणायचा. गाडीजवळून जाताना मान दुसरीकडे. चौथ्या दिवशी पहाटे, पोरगा उठायच्या आत, तो खाली गेला. खिडकीतून वहिनीने पाहिले. दादा गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग गुडघ्यावर बसून दाराखालून बोट फिरवत चाकापर्यंत गेला. बैलाचा खूर तपासावा तसा. वाकून पोटाखाली पाहिले. पोरगा खाली आला तेव्हा दादाने बोट त्याच्यापुढे धरले. बोटाला ओला, काळा पाला होता.

"पन्हाळ तुंबली आहे तुझी," दादा म्हणाला. "तार कुठं ठेवलीस?"

पोराने तार आणली. दादाने दोन्ही बाजू साफ केल्या, तांब्याने पाणी ओतून खाली पडते का ते पाहिले, हात धुतले आणि दार उघडून डाव्या शिटावर जाऊन बसला. कुठे गेले, काय बोलले, ते दोघांनीही कुणाला सांगितलेले नाही. दुपारचे जेवण मात्र वहिनीला तीन वेळा गरम करावे लागले.

आता दादा गावी परतला आहे. दर रविवारी संध्याकाळी पोराचा फोन येतो. ऊस, पाऊस, आईचे गुडघे, सगळे बोलून झाल्यावर दादा शेवटी विचारतो, "तार फिरवलीस का?" आणि तो "हो" म्हणाला तरी पुन्हा विचारतो, "दोन्हीकडून?"

क्लचचे पुढच्या खेपेला, नक्की.